एकतीस नंबरच्या ओंब्या

एकतीस नंबरच्या गव्हानं संशोधन केंद्रात तिचं नाव केलं होतं. दाणा दुधात, म्हणजे अजून कोवळा असताना कुंड्या तापवलेल्या खोलीत ठेवल्या की बाकीच्या वाणांचे दाणे सुरकुतून जात. याचे मात्र टपोरे राहिले. त्यामागचं जनुकही तिनं शोधून काढलं, आणि वर्षभर बाईसाहेबांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

यंदा तोच प्रयोग पुन्हा केला, तर एकतीस नंबरचेही दाणे सुरकुतलेलेच निघाले.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. "फुलोऱ्याचे धागे कोणी बांधले?"

ओंबी फुलली की त्याच दिवशी तिला तारखेचा धागा बांधायचा आणि बरोबर दहाव्या दिवशी कुंडी तापत्या खोलीत न्यायची, अशी तिथली रीत. यंदाचे धागे केंद्रातल्या जुन्या मदतनीस काकांनी बांधले होते. सव्वीस वर्षं ते हेच करत आले होते. नजर अशी की पोरं त्यांना 'दुर्बीण' म्हणत.

"काका, वय झालं तुमचं. दिसत नाही तर सांगायचं ना! उद्यापासून गोदामात बसा," साहेब म्हणाले.

काका तिच्या शेजारच्याच खुर्चीवर होते. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली.

खरी गोम तिला यंदाचे दाणे पाहताक्षणीच कळली होती. काकांचे धागे चोख होते. चुकले होते ते गेल्या वर्षीचे, एकतीस नंबरपुरते तिनं स्वतः बांधलेले. एकतीस नंबर फुलला तेव्हा ती बहिणीकडे मजेत तीन दिवस राहिली, आणि परतल्यावर सगळ्या ओंब्यांना त्याच दिवसाची तारीख बांधून मोकळी झाली. म्हणजे उष्णता दहाव्या नाही, तेराव्या दिवशी लागली. तोवर दाणा बऱ्यापैकी भरला होता. त्याला कसला चटका बसतोय! कसलं जनुक आणि कसलं काय.

चार दिवस तिनं स्वतःची समजूत घातली. साहेबांचा राग निवळेल. गोदामात काकांना निदान सावली तरी आहे. सावली म्हणे! स्वतःचीच लाज वाटली.

पाचव्या दिवशी ती गोदामात गेली. काका पोत्यांना चिठ्ठ्या लावत होते. नाकावर नवा कोरा चष्मा.

"डॉक्टर म्हणाला, गरज नाही," काका ओशाळून हसले. "मीच हट्टानं घेतला. एवढी मोठी चूक झाली म्हणजे डोळेच गेले असणार ना, ताई?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उभ्या उभ्याच तिनं सगळं सांगून टाकलं, बहिणीकडच्या तीन दिवसांसकट.

काकांनी चष्मा काढला.

"मला कशाला सांगताय? ज्यांच्यासमोर गप्प बसलात, त्यांना सांगा."

"सांगते. आत्ताच जाऊन सांगते. पण काका, तुम्ही मला..."

"त्या दिवशी मी तुमच्याकडे का बघितलं, माहितेय? मला काय ठाऊक, चूक तुमची होती ते! मी आपलं म्हटलं, ताई तरी म्हणतील, काका असे चुकायचे नाहीत."