'झालं' म्हणजे झालं नाही

मी दोनशे पानांची एक वही. माझ्या पुठ्ठ्याला भोक पाडून दोरी ओवली आहे आणि मी फ्रिजच्या मुठीला लटकते. ते पत्र आलं तो मंगळवार इतर मंगळवारांसारखाच होता. ताई एका हाताने चहा गाळत होती, दुसऱ्या हाताने पाकीट फोडत होती.

"अभिनंदन!" तिने मोठ्याने वाचलं. "आपला लाभार्थी स्वावलंबी झाल्याचे आढळल्याने सकाळचा मदतनीस पुढील महिन्यापासून बंद करण्यात येत आहे."

मग ती भावाकडे वळली. "दादा, ऐकलंस का? तू स्वावलंबी झालास."

सेहेचाळीस वर्षांचा दादा तेव्हा शर्टाच्या एकाच बाहीत दोन्ही हात घालायच्या खटपटीत होता.

हा चमत्कार कसा घडला ते मला ठाऊक आहे. मी तिथे हजर होते.

मला आणलं त्यांच्या आईने. सरकारी योजनेतून रोज सकाळी तीन तास माणूस यायचा. दादाची आंघोळ, दाढी, कपडे, मग त्याच्यासारख्यांसाठी असलेल्या दिवसभराच्या केंद्रापर्यंत सोबत. पण माणूस टिकेल तर शपथ! चार वर्षांत अकरा झाले. प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगून आईच्या तोंडाला फेस यायचा. शेवटी पाचवा गेल्यावर तिने माझ्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं:

'दादा "झालं" म्हणाला, तर काही झालेलं नसतं. लहानपणी त्याच्या डोळ्यांत साबण गेला की मी "झालं हं, झालं" म्हणायचे. तिथून त्याने तो शब्द उचलला. "झालं" म्हणजे भीती वाटतेय. हात धरा.'

पुढच्या पानांवर मदतनिसांनी रोजचं लिहायचं. कुणाचं अक्षर मोत्यासारखं, कुणाचं कोंबडीचे पाय. सातव्याला 'दादा आनंदी, सर्व ठीक' यापलीकडे काही लिहिताच येत नसे. एकदा दादा तापाने फणफणला होता आणि हे महाशय दिवसभर फिरकलेच नाहीत, तरी दुसऱ्या दिवशी मागची तारीख टाकून सर्व ठीक! अकरावा मात्र भला निघाला. त्याला पहिलं पान पाठ होतं.

आई गेली. त्यानंतर दोन महिन्यांनी योजनेच्या पाहणीचे साहेब आले. फार घाईत होते बिचारे, खुर्चीच्या कडेवरच टेकले.

"आंघोळ?"

"झालं," दादा म्हणाला.

"कपडे?"

"झालं."

"जेवण, आपलं आपण?"

"झालं! झालं!"

त्याचा हात ताईचा हात शोधत होता. ताईने मला पुढे केलं. "साहेब, एवढं पहिलं पान वाचा ना."

"वाचतो, वाचतो," म्हणत त्यांनी मला मांडीवर घेतलं, माझ्यावर फॉर्म ठेवला आणि सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा केल्या. माझी पाठ त्यांना टेकायला छान वाटली असावी. पहिलं पान त्यांच्या कोपराखाली होतं.

पत्र आल्यावर ताई दादाला आणि मला घेऊन कार्यालयात गेली. खिडकीपलीकडच्या बाई कागदावरची नजर न उचलता म्हणाल्या, "फेरपाहणीच्या अर्जावर आईंची सही हवी. पालक म्हणून त्यांची नोंद आहे."

"आई गेली."

"मग आल्या की घेऊन टाका."

ताईने आईच्या मृत्यूचा दाखला खिडकीतून आत सरकवला. बाईंनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या स्वतः उठून पालक बदलायचा अर्ज घेऊन आल्या.

"वहीची झेरॉक्स जोडू का?" ताईने विचारलं.

"वही पुरावा म्हणून धरत नाहीत हो," असं म्हणत बाईंनी मला आत ओढलं आणि पहिलं पान उघडलं. शेजारच्या टेबलावर कुणीतरी धाडधाड शिक्के मारायला लागलं.

"झालं," दादा म्हणाला.

बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्याचा हात धरला.

"झालं का हो तुमचं?" रांगेतून आवाज आला.

"नाही झालं," बाई म्हणाल्या. "थांबा जरा."

अकरावा मदतनीस जाऊन आता दोन महिने होतील. दादाची सकाळ ताईच करते, त्यासाठी रोज अर्धी रजा टाकते. तिच्या रजा संपत आल्यात. पुढे नोकरी की दादाची सकाळ, असा प्रश्न आहे. माझ्यात सध्या कुणी लिहीत नाही.

साहेब, पुन्हा याल तेव्हा खुशाल माझ्यावर फॉर्म ठेवून लिहा. माझी पाठ मजबूत आहे. पण आधी पहिलं पान वाचा, आणि मग दादाला विचारा.

बाईंनी दोन्ही अर्ज त्याच दिवशी पुढे पाठवले होते. फेरपाहणी अजून झालेली नाही.