हुंकाऱ्यासकट

चीन.
इथला ड्रॅगन ढगांत राहतो, पाऊस देतो. भाग पूर्ण.

युरोप.
इथला सोन्यावर बसतो. शेवटी कुणीतरी घोड्यावरून येऊन त्याला भाल्यानं मारतं. भाग पूर्ण. संकलन करता करता रागिणीला डुलकी लागली होती.

वलगाव.
भाग अपूर्ण.

देशोदेशींच्या ड्रॅगनवरच्या या फिल्मचं संकलन रागिणी अमरावतीतल्या भाड्याच्या खोलीत करत होती. तिच्या गावचा, वलगावचा, भाग तिनं स्वतः मागून घेतला होता. पुण्याच्या निर्मात्याला ती म्हणाली होती, असा एक प्राणी आमच्याकडेही आहे आणि त्याची गोष्ट आता फक्त माझ्या आईला येते. तो म्हणाला, सोमवारपर्यंत द्या, नाहीतर फिल्म त्याच्याविना जाईल.

वलगाव, पहिला प्रयत्न.
आई, वच्छलाबाई, खाटेवर बसली. ध्वनिमुद्रण करणाऱ्या किशोरनं पंखा बंद केला, सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. बाबा, नत्थुजी, मधे मधे आवाज करत होते म्हणून त्यांना सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायला बाहेर बसवलं.
आईनं सुरुवात केली. काळ्या मातीखाली गावाएवढा अजगर आहे. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात त्या त्याच्या श्वासानं.
इथं ती थांबली. कॅमेऱ्याकडे पाहत राहिली.

पुढचा प्रयत्न.
भेगांपाशी थांबली.

त्याच्या पुढचा.
तिथंच.

किशोरनं हळूच विचारलं, आजींना विसरायला होतं का. रागिणीला तीच भीती वाटत होती. तिनं सामान आवरायला सांगितलं.

"काहून बंद केलं?" आईनं विचारलं.
"तुले आठवून नाही राहिलं न, आई. राहू दे."
"मले समदं आठवते. तुमीच झोपले."
"आमी जागेच आहो."
"मंग हुं कोन म्हनते?"

रागिणीला आठवलं. लहानपणी ती गोष्टीत झोपून जायची आणि बाबांचा हुंकारा चालूच असायचा. त्यांचा हुं आला की आईचं पुढचं वाक्य यायचं. हुं बंद झाला की गोष्ट तिथंच मोडायची. झोपलेल्याला कोण सांगतं? त्याच हुंकाऱ्याला तिनं आणि किशोरनं गोंगाट समजून अंगणात बसवलं होतं.

शेवटचा प्रयत्न.
बाबा आत, जुड्यांसकट.
भेगा पडतात. हुं. अजगर आंधळा आहे. हुं. तो खालून कान लावून असतो. घराघरांतून हुं ऐकू आला की त्याला कळतं, वर माणसं आहेत. मग तो पडून राहतो, विहिरींना पाणी राहतं. हुं.
"अन जवा कोनीच हुं म्हनत नाही," आई म्हणाली, "तवा थो समजते का गाव उठलं, वर कोनी नाही राहिलं. मंग थो बी निंगून जाते."
बाबांचा हात जुडीवर थांबला.
"हुं," ते म्हणाले.

अमरावती.
निर्मात्याला भाग आवडला. फक्त मागचा तो आवाज तेवढा काढा, म्हणाला. कुणी आजारी माणूस कण्हतंय असं वाटतं.
रागिणीनं काढून पाहिला. आई रिकाम्या घरात एकटीच बोलत होती. तिनं तो परत घातला आणि फोन लावला.
"हुंकाऱ्यासकट घ्या. नाहीतर भाग राहू द्या."
"मग राहू द्या," तो म्हणाला.

वलगाव.
भाग पूर्ण. फिल्ममध्ये नाही.
डोळे चुरचुरत होते. तिनं ते मिटून गोष्ट पुन्हा लावली. भेगांपाशी आईचा आवाज थांबला. बाबांचा हुं आला. त्याच्यामागून, जरा उशिरानं, रागिणीचा.