बाहेरची हवा

कळंबहून तेरला निघालेल्या सर्विस मोटारीत सिताबाई पुढच्या बाकावर बसली होती आणि तिच्या मांडीवर एक लहानशी घोंगडी होती. कोकरांच्या पहिल्या लोकरीची, तिनं स्वतः कातलेल्या सुताची. तिच्या लेकीला, हरणाला, मुलगा झाला होता आणि आज दुपारी त्याचं बारसं होतं. नवरा गेल्यापासून सिताबाईला कुणी शुभकार्यात पुढं होऊ दिलं नव्हतं. पण हरणाची सासू खमकी बाई. तिनं निरोपच धाडला होता, की पाळण्याची पहिली दोरी आजीच ओढील.

हा निरोप त्या घरात सगळ्यांनाच रुचला होता असं नाही. हरणाचा चुलतसासरा बाबूराव तर भर बैठकीत म्हणाला होता, की पांढऱ्या पायाच्या बाईला पाळण्याजवळ उभं करू नका. आता नेमका हाच बाबूराव बाजार उरकून त्याच गाडीत मागच्या बाकावर बसला होता. सिताबाई गाडीत चढली तेव्हा त्यानं मान फिरवली ती फिरवलीच.

गाडी म्हणजे लढाईत वापरून टाकून दिलेला डिझेलचा ट्रक. त्यावर टप आणि बाकडी ठोकून मालकानं त्याची मोटार केली होती. ढोकी मागं पडली, चढ लागला आणि गाडी खोकायला लागली. दोन आचके दिले आणि उभी राहिली.

डायव्हर महांतप्पा खाली उतरला. त्यानं बॉनेट उघडून तेल गाळायच्या फिल्टरचं भांडं खोललं, तर आतून नुसता काळा चिखल निघाला. नवा फिल्टर कितीतरी दिवस त्याच्याच सीटखाली पडून होता. उद्या बदलू, परवा बदलू करत त्यानं तो तसाच ठेवला होता. तो त्यानं आता पुढच्या बाकावरल्या सिताबाईच्या डोळ्यांदेखत ओढून काढला, गपचूप बसवला, भांडं आवळलं आणि स्टार्टर मारला. गाडी नुसतीच कण्हली.

लोक खाली उतरून भोवती जमले. काय झालं म्हणून विचारू लागले. महांतप्पानं कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "बाहेरची हवा शिरलीया. ती काढल्याबिगर गाडी हलायची न्हाय."

झालं. बाबूरावाला एवढंच हवं होतं. बाहेरची हवा म्हणजे काय, हे का त्याला कुणी सांगायला पाहिजे होतं? पोर किरकिरं झालं, म्हैस आटली की आपल्याकडं हेच म्हणतात. त्यानं सगळ्यांच्या देखत सिताबाईकडं बोट केलं. "म्या घरी बोललोच व्हतो. पुढच्या बाकावर ही बसली, मंग गाडीला लागंल न्हाय तर काय हुईल?"

एकानं मान डोलावली, दुसरा चुकचुकला. कुणीतरी लिंबू उतरवायचं काढलं. बाबूराव कंडक्टरला घेऊन माळापलीकडच्या वस्तीवर लिंबू आणायला निघालासुद्धा. जाता जाता बजावून गेला, की आता हिनं परत गाडीत बसायचं नाही आणि आज पाळण्याला तर हातच लावायचा नाही.

सिताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिला राग बाबूरावाचा तेवढा नव्हता. तो होताच तसला. राग होता महांतप्पाचा. त्याला ठाऊक होतं हवा कसली ते, आणि तरी तो मूग गिळून खाली बघत होता. का, तर खरं सांगितलं तर लोक विचारतील, नवा फिल्टर सीटखाली ठेवून पूजत होतास का? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. त्याचा आळस झाकला जावा म्हणून एका बाईचं नशीब जळालं तरी याला चालणार होतं.

तिनं घोंगडी बाकावर ठेवली, पदर खोचला आणि सरळ इंजिनापाशी गेली.

"ती हवा काढायची कशी?" तिनं विचारलं.

महांतप्पा चाचरला. म्हणाला, फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू ढिला करायचा आणि खाली पलीकडच्या अंगाला पंपाचा दांडा आहे तो हापसायचा. कंडक्टर असता तर झालं असतं, एकट्याचे हात पोचत नाहीत.

"तू वर बघ. दांडा म्या मारती."

तिनं दांडा धरला. मेंढरं सांभाळलेला हात तो, थकायचा नाही. महांतप्पानं स्क्रू ढिला केला आणि वरून फसफसत फेस आला. ताकावर येतो तसा, बुडबुड्यांचा. पिवळट तेल सिताबाईच्या मनगटावरून ओघळून बांगड्या नसलेल्या हातावर पसरलं.

"हे काय निघतंय?"

"हवा."

"माझी का?"

महांतप्पाची मान खाली गेली. "न्हाय, मावशी. फिल्टर खोलला की शिरतीच ती."

"मंग तवा का न्हाय बोललास?"

ती दांडा मारत राहिली. हळूहळू बुडबुडे विरळ झाले, मग निव्वळ स्वच्छ तेल येऊ लागलं. त्यानं स्क्रू आवळला आणि स्टार्टर मारला. गाडी धडधडून उठली.

तेवढ्यात बाबूराव लिंबू नाचवत माळावरून धावत आला. लांबूनच ओरडला, की लिंबू तोडलं आणि तिकडं गाडी सुरू झाली, बघा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली होती, आणि याला वाटलं कावळाच आपण. लोकही माना डोलवायला लागले.

"महांतप्पा," सिताबाई म्हणाली, "ह्या लोकांना सांग, हवा कुणाची व्हती."

महांतप्पानं सांगितलं. हवा गाडीची होती, फिल्टर बदलायचा आळस त्याचा होता आणि ती हवा या मावशींनी काढली होती. माना डोलवणारे एकेक करून गाडीत चढले. सिताबाई पुन्हा पुढच्याच बाकावर बसली, तेलकट हात घोंगडीला लागू नयेत म्हणून वर धरून.

तेरला पोचेपर्यंत बारशाच्या बायका ताटकळल्या होत्या. विहीण दारातच उभी होती. उशीर का झाला म्हणून तिनं विचारलं, आणि बाबूरावानं तोंड उघडलं. त्याच्याआधी सिताबाई बोलली.

"गाडीला बाहेरची हवा लागली व्हती. म्या काढली."

विहिणीनं तिचे डिझेलनं माखलेले हात पाहिले, मग दिराच्या मुठीतलं लिंबू पाहिलं. तिला काय समजायचं ते समजलं. ते लिंबू तिनं त्याच्याकडून मागून घेतलं, चिरलं आणि सिताबाईच्या हातांवर पिळलं.

"चोळून धुवा," ती म्हणाली. "पोरगं कवाचं वाट बघतंय."