होडीच्या तळातलं स्वयंपाकघर

अच्युतराव खोबरेकरांच्या जुन्या, फायबरच्या शिडाच्या होडीला तळाशी वाटीएवढं भोक पडलं आणि त्यातून त्यांचं स्वयंपाकघर दिसू लागलं. होडीत वरून डोकावलं तर नुसते दोर नि घडी घातलेलं शीड. घरी जाऊन बघावं, तर स्वयंपाकघराच्या जागी सपाट भिंत. म्हणजे आत अडकलेल्या बायकोपर्यंत, शरयूबाईंपर्यंत, पोचायची वाट आता तेवढीच, वाटीएवढी.

"अहो, दुपारी उधाण आहे," शरयूबाई आतून म्हणाल्या. "सगळं पाणी इथे शिरेल. बुजवा आधी."

"अगं, मग तू बाहेर कशी येणार?"

"ते मागाहून बघू. मी बुडाल्यावर काय बघणार, कपाळ?"

बाई बोलली त्यात चूक काही नव्हती. पण अच्युतराव म्हणजे तीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. फायबरला जन्मात हात लावला नव्हता. फायबरचं सामान देणाऱ्या दुकानदाराने बजावलं होतं, की भोक बुजवायचं तर आधी कडा घासून ते मोठं करायचं, नाहीतर ठिगळ धरत नाही. हे त्यांना भलतंच पटलं. माणूस मावेल इतकं घासू, बाईला बाहेर काढू, मग सावकाश बुजवू! किनाऱ्यावर कुशीवर टेकवलेल्या होडीशी उकिडवे बसून ते घासत सुटले. भोक परातीएवढं झालं, तसं स्वयंपाकघर लांबलं. ओटा पार तिकडे टोकाला गेला. शरयूबाई भोकाशी पोचल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"पुरे करा हो. आणखी घासलंत तर मी पोचायची नाही."

पाणी अच्युतरावांच्या घोट्याला लागलं. त्यांनी फायबरचं कापड कात्रीने कापलं, सवयीने चारी बाजूंना दोन बोटं माया सोडून. डब्यात ते चिकटवायचं पातळ रेझिन ओतलं.

"हार्डनर किती घालू गं?"

"ते काय असतं?"

"त्याने हे घट्ट होतं."

"विरजणासारखंच ना? मग गारठा आहे, जरा जास्त घाला."

तिचं दही आजवर कधी बिघडलं नव्हतं. त्यांनी अर्धी बाटली ओतली.

कापड चिकटवलं, ब्रशने रेझिन चोपडलं, बुडबुडे दाबून काढले. कडेला एक फट तेवढी राहिली. तिच्यातून शरयूबाईंचा हात बाहेर आला. लाडवांचा पाक बघावा तसं त्यांनी रेझिन दोन बोटांत धरून ताणलं.

"एकतारी झालाय," त्या म्हणाल्या. "अजून जरासा..."

तेवढ्यात डब्यातून धूर सुटला, डबा हाताला चटका देऊन गेला आणि ठिगळ दगडासारखं झालं. हात मनगटापाशी अडकला.

अच्युतरावांनी बुक्क्या मारल्या, हाका मारल्या. "शरयू! अगं, काहीतरी बोल!" आवाज ठिगळाच्या पार जाईना. काम मात्र, कशाला खोटं बोला, फक्कड झालं होतं. थेंबभर पाणी आत जाणार नव्हतं.

उधाण आलं. होडी अलगद उठली. आधी कमरेएवढ्या, मग छातीएवढ्या पाण्यात अच्युतराव होडीलगत, तळाखाली बायकोचा हात धरून उभे होते. होडी खाडीच्या तोंडाकडे वळली आणि त्यांचे पाय जमिनीवरून सुटले. शरयूबाईंनी त्यांचा हात दोनदा घट्ट दाबला. धरून ठेवा म्हणते की सोडा म्हणते, त्यांना कळेना.