चाळीस रिक्षांवरची समरा

मंगळवारी सकाळी सव्वासहाला समरा सरावाला गेली नाही.

तिचे बूट उंबऱ्याशी होते. गुडघ्याला बांधायच्या पट्ट्या दोरीवर वाळत होत्या. इसूफने रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आणून लावली, फडकं ओलं केलं आणि रोजच्यासारखी मागची बाजू पुसायला घेतली. रिक्षाच्या पाठीवर समराच्याच कॉलेजची जाहिरात होती. 'इथे विजेते घडतात. प्रवेश सुरू.' त्या अक्षरांखाली समरा खोखोच्या मैदानावर कमरेतून वाकून हुलकावणी देत होती, वेणी हवेत, नजर समोर. फोटोच्या कडेला तिच्या टाचेपर्यंत आलेला कुणाचा तरी हात होता. मनगटाच्या मागचं सगळं कापलेलं होतं.

शहरात अशा चाळीस रिक्षा फिरत होत्या. प्रत्येक रिक्षावाल्याला कॉलेज महिन्याला तीनशे रुपये देत होतं. इसूफलाही.

"चल की गं, उशीर हुईल," त्याने दारातून हाक मारली.

समरा परातीत पीठ मळत होती. "नक्को अब्बा. आजपास्नं बंद."

"काय बंद?"

"खेळ."

समराची आई जमीला सुपात पानं घेऊन विड्या वळत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण मान वर झाली. "शनिवारी फायनल हाय ना तुमची?"

"हौ. म्हणून तर आज सांगितलं. फायनल झाल्यावर कोण ऐकतंय?"

प्रकरण निंगव्वाचं होतं. निंगव्वा अक्कलकोटकडची, समराच्या वर्गातली आणि संघातली. खांबावरून सूर मारण्यात तिचा हात धरणारी विद्यापीठात दुसरी नव्हती. दिवाळीच्या आधी सूर मारतानाच ती पडली आणि गुडघा गेला. डॉक्टरांनी सहा महिने मैदान बंद केलं. खेळाडू म्हणून तिची फी माफ होती. खेळ थांबला तशी ऑफिसातून पूर्ण फी भरायची सूचना आली. सोमवारी तिने गावाहून फोन करून सांगितलं, की आता कॉलेजही बंद.

"माफ म्हणजे माफ असते ना अब्बा?" समरा म्हणाली. "खेळ थांबला आणि फी सुरू झाली. म्हणजे ती माफी नव्हतीच, मजुरी होती. मग मजुरी म्हणून द्या. ठरवून द्या. सगळ्या बाराजणींना द्या, आणि पडली तर पडलेलीला पण द्या. खेळाच्या मॅडमना मी सांगितलंय, उत्तर आल्याशिवाय उतरत नाही."

"आणि तुझी फी लावली तर?"

समराने पिठाचा गोळा उलटा केला. "लावतील," ती म्हणाली.

जमीलाने विडीला दोरा गुंडाळला. "आमच्या कारखान्यात वाईट विड्यांची छाट काढून पैशे देत्यात. शंभर नावं ठेवत्यात, पण देत्यात."

इसूफला राग यायला हवा होता, पण आला नाही. खेळणाऱ्या पोरीने पैसे मागावेत की नाही, हा प्रश्न त्याला आजवर पडलाच नव्हता आणि आता पडला तर तो सुटेना. उलट सुटेना म्हणून तो बरा वाटत होता. दिवसभर रिक्षात माणसं बसणारच होती. त्याने ठरवलं, विचारत सुटायचं.

पहिले सापडले संगप्पा मास्तर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी जुळे सोलापूरहून नव्या पेठेत रोज पेपर वाचायला जायचे.

"कॉलेज शिकायला असतंय रे इसूफ," मास्तर म्हणाले. "खेळाला पगार दिला तर उद्या पहिला नंबर काढणारं पोरगं बी पगार मागंल."

"त्याचा फोटो चाळीस रिक्षांवर लावला तर मागू द्या की."

आसरा चौकात मास्तरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "खेळ हा आनंदासाठी असतो."

"व्हय, ते बी खरंय," इसूफ म्हणाला, आणि त्याला ते खरंच पटलं. समराला पळताना त्याने पाहिलं होतं. ते काही मजुरीवर पळणं नव्हतं.

उतरताना मास्तरांनी दहा रुपये कमी दिले. "तू बी आनंदानं चालवतोस की बे," ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसत गेले.

दुपारी सिव्हिल हॉस्पिटलजवळ एक नर्सबाई बसल्या. त्यांनी प्रश्न नीट ऐकून घेतला, दोनदा उलट विचारून खात्री केली आणि म्हणाल्या, "आम्हाला ट्रेनिंगला असताना विद्यावेतन मिळायचं. शिकत पण होतो, रात्रपाळ्या पण करत होतो. थोडंच होतं, पण होतं. म्हणून आम्ही काही नोकर झालो नाही, विद्यार्थीच राहिलो."

"काय मिळायचं म्हणला?"

"विद्यावेतन."

हा शब्द इसूफने तोंडातल्या तोंडात दोन-तीनदा घोळवला. समराच्या 'मजुरी'पेक्षा तो ऐकायला बरा होता. साहेब लोकांपुढे टाकता आला असता.

सात रस्त्याच्या स्टँडवर मात्र या शब्दाचं काही चाललं नाही. उमरच्या आणि नागप्पाच्या रिक्षांवरही समराच होती.

"तुझी पोरगी माझ्या रिक्षामागं बसली म्हणून मला तीनशे मिळत्यात," उमर म्हणाला. "तिला काय?"

"फी माफ."

"आणि मी तर पळत बी न्हाय!"

नागप्पा तंबाखू मळत होता. "पन एक सांग. तिला दिले तर कुस्तीवाल्यांना बी द्यावं लागतंय. ते तर दरसाल हरून येतेत. त्यांना काय हरायचे पैसे द्यायचे?"

"त्यांना दूध द्या," उमर म्हणाला. "आणि हा इसूफ काय विचारतोय लोकांना? ह्यो तर स्वतः पैशे घेऊन खेळायचा. विचार त्याला जेऊरच्या कबड्डीचं."

सगळे इसूफकडे वळले. गोष्ट त्यांना पाठ होती, तरी ती त्याच्या तोंडून ऐकायला मजा यायची. इसूफ तरुणपणी जेऊरला होता, तेव्हा यात्रेतल्या सामन्यांना गावोगावचे लोक त्याला उचलून न्यायचे. येण्याजाण्याचं भाडं, मटणाचं जेवण आणि खिशात काहीतरी. एकदा माढ्याकडच्या एका गावाने त्याला सकाळी नेलं, पोटभर जेवू घातलं. दुपारी सांगोल्याकडच्या संघाने मैदानाच्या कडेलाच जास्त बोली लावली. इसूफने बनियन बदलली.

"जेवण एकाचं, चढाई दुसऱ्याची!" नागप्पा म्हणाला.

"जिंकलो तर होतो," इसूफ म्हणाला. हशा पिकला. तोही हसला. त्याला नेणाऱ्या त्या गावाने पुन्हा कधी बोलावलं नव्हतं, तेवढं मात्र तो गोष्टीत सांगत नसे.

बुधवारी अकरा वाजता कॉलेजातून बोलावणं आलं. क्रीडा विभागाच्या वैजयंती मॅडम दारातच भेटल्या. करड्या केसांची पोनी, गळ्यात शिट्टी. त्या स्वतः एकेकाळी राज्याच्या संघात होत्या.

"समरा चुकीचं बोलत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "निंगव्वासाठी मी दोनदा अर्ज दिला. पण तुम्हाला खरं सांगू? मला कधी कुणी काही दिलं नाही, आणि मी मागितलं पण नाही. मागता येतं हेच माहीत नव्हतं. आता ही मागतेय तर मला आधी तिचा रागच आला. का आला, ते अजून कळत नाही."

मॅडम त्याला आत घेऊन गेल्या, तिथे संस्थेचे सचिव होते. त्यांनी इसूफला खुर्ची दिली, चहा मागवला. माणूस वाईट नव्हता.

"हे बघा, आम्ही फी माफ करतो, बूट देतो, स्पर्धेला नेतो-आणतो. वर ग्रेस मार्क असतात. रोख पैसे सुरू केले की खेळाडू विद्यार्थी राहत नाही. तो बाजारात उभा राहतो. तुम्हीच सांगा, उद्या पुण्याच्या एखाद्या कॉलेजनं समराला जास्त देऊ केलं, तर ती जाईल का नाही?"

इसूफला खोटं बोलायचं सुचलंच नाही. प्रश्न त्याच्या इतका ओळखीचा होता, की उत्तर आपोआप आलं.

"जाईल की साहेब. मी गेलो होतो."

सचिवांनी हात पसरले. वैजयंती मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. आपण काय बोलून बसलो ते चहाच्या दुसऱ्या घोटाला इसूफच्या लक्षात आलं.

"पण साहेब," तो घाईने म्हणाला, "तवा मला पोटाला पाहिजे होतं, म्हणून गेलो. हिला पोटाला न्हाय मागायचं. ती निंगव्वा पडली, तिला कुणी विचारलं न्हाय. मला नेणाऱ्या गावानं, पडलास तरी बघू, असं म्हणलं असतं, तर मी कशाला बनियन बदलली असती? तुमी विद्यावेतन म्हणा. नर्सबायांना देत्यात तसं."

सचिवांनी तो शब्द ऐकून भुवया उंचावल्या. "बैठकीत मांडू. पण आधी ती शनिवारी खेळू दे."

"ती म्हणतीय, आधी उत्तर."

"शुक्रवारी संध्याकाळी संघाची नावं जातात. त्यात ती नसेल तर खेळाडूची सवलतही राहणार नाही. नियम सगळ्यांना सारखा." मग ते उठता उठता सहज म्हणाले, "बाकी इसूफभाई, तिच्या फोटोचे पैसे तुमच्या घरात येतातच की. तुमच्या रिक्षावर आहे ना जाहिरात?"

इसूफने कप बशीत ठेवला.

संध्याकाळी त्याने पान्हा आणि जुनी ब्लेड घेऊन रिक्षाच्या मागे बैठक मारली. फ्लेक्स चारी कोपऱ्यांना तारेने आवळलेला होता. जमीला दारात येऊन उभी राहिली.

"तीनशे गेले."

"हौ."

"पुसत बसायचास रोज. आता काय पुसणार?"

तो तारा पिरगाळत राहिला. तिसरी तार तुटेना, म्हणून त्याने फ्लेक्सलाच ब्लेड लावली, तेव्हा समरा बाहेर आली. "अब्बा, थांबा. तिकडनं फाडू नका, हात आहे तितं."

"कुणाचा?"

"निंगव्वाचा. सरावातला फोटो आहे हा. तिनं सूर मारला होता." समरा खाली बसली आणि तिने बोट ठेवलं. "बघा, लागला नाही. एवढा राहिला. म्हणून फोटो चांगला आला. तिनं सूर मारला नसता तर मी अशी वाकलेच नसते."

इसूफने इतके महिने तो हात रोज पुसला होता. बांगडीची कडासुद्धा त्याने पुसली होती. तो कुणाचा आहे, हे विचारावंसं त्याला कधी वाटलं नव्हतं. दिवसभर शंभर माणसांना प्रश्न विचारणारा माणूस, आणि हा एक राहून गेला.

त्याने तार बोटांनी उलगडून काढली. फ्लेक्सची गुंडाळी पलंगाखाली गेली.

गुरुवारी संघातल्या मुली घरी येऊन गेल्या. दोघी रडल्या. एक म्हणाली, "तू नसलीस की आम्ही हरतो, मग कुणालाच काय मिळत नाही." दुसरी म्हणाली, "थांबायचं तर सगळ्यांनी थांबू या." पण शेवटी तसं ठरलं नाही. जमीलाने त्यांना शेंगांची चटणी आणि भाकरी दिली, ती मात्र सगळ्यांनी खाल्ली.

शुक्रवारी पाच वाजता वैजयंती मॅडमनी नावं पाठवली. समराचं नाव त्यांनी काढलं नाही. तसं त्यांनी फोनवर सांगितलं आणि लगेच फोन ठेवला. संस्थेची बैठक सोमवारी असल्याचं कळलं. विषय त्यात आहे की नाही, ते कळलं नाही.

त्या रात्री समरा बराच वेळ निंगव्वाशी बोलत होती. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "खेळ की बे! माझ्यासाठी कशाला बसतीस? मी येतो बघायला, पहिल्या एसटीनं येतो."

शनिवारी सकाळी समरा आपणहून रिक्षात येऊन बसली. बूट हातात होते.

"मैदानावर?" इसूफने विचारलं.

"हौ."

"खेळनार?"

"निंगव्वा येतीय. तिच्याशेजारी बसायचं का संघात उतरायचं, ते तितं गेल्यावर बघते."

त्याने आणखी काही विचारलं नाही. विचारण्याची सवय त्याला आठवडाभरात लागली होती, तरी नाही. रिक्षा निघाली. आसरा चौकात सिग्नल लाल झाला. इसूफने ब्रेक दाबला आणि वर पाहिलं, तर समोर उमरची रिक्षा उभी होती.

इतके महिने तो फोटो त्याच्या पाठीमागे होता. रस्त्यावर, चालवताना, तो इतक्या जवळून त्याने कधी पाहिला नव्हता. आता काचेच्या पलीकडे, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, समरा वाकून हुलकावणी देत होती. उमर पुसत नसे. तिच्या तोंडावर धूळ होती. कडेचा हात मात्र स्वच्छ दिसत होता, टाचेपासून बोटभर अंतरावर.

मागच्या सीटवरून समराही तिकडेच बघत होती, हे त्याला आरशात दिसलं.

सिग्नल हिरवा झाला. उमर पुढे गेला, फोटो गर्दीत शिरला. सामना आठ वाजता होता. अजून संस्थेकडून काहीही उत्तर आलेलं नव्हतं, आणि बूट समराच्या मांडीवर होते.