शुद्धीचे गुण

अतिदक्षता विभागातल्या त्या तरुण डॉक्टरणीला सगळे पाठीमागे मिरची म्हणायचे. राग कायम नाकावर, दुसरं काय! पण आज तिला राग नव्हता आला, किळस आली होती. सरांची.

सर म्हणजे विभागप्रमुख. अंगाला अत्तराचा घमघमाट आणि सत्काराची भारी हौस. रुग्ण आला की त्याचा रक्तदाब, श्वास, शुद्ध वगैरेला गुण देऊन ते कॉम्प्युटरमध्ये भरायचे, मग तो दगावण्याची शक्यता किती ते कळायचं. आता झोपेचं औषध दिलेला माणूस डोळे कसे उघडणार, सांगा! म्हणून औषधाआधीची शुद्ध धरायची, असा साधा नियम. सर मात्र बजावायचे, "झोपलाय ना? टाका शुद्धीला सगळ्यात कमी गुण." म्हणजे बघावं तो रुग्ण मरणाच्या दारात! मग त्यातले बरेचसे जगले की सरांच्या विभागाची वाहवा.

कोपऱ्यातल्या खाटेवर न्यूमोनियाचे एक निवृत्त मास्तर होते, श्वासाच्या मशीनवर. दुपारी सर त्यांच्या लेकीला म्हणाले, "दगावण्याची शक्यता नव्वद टक्के. उगीच हाल कशाला? मशीन काढू या." खाट सरांच्या ओळखीतल्या कुणाला तरी हवी होती. आकडा फुगवायचाही यानेच आणि तोच लेकीच्या तोंडावर फेकायचाही यानेच!

"संध्याकाळी भाऊ येतोय, मग सांगते," लेक रडत म्हणाली.

मास्तरांचा श्वास कालपासून सुधारत होता. लेक बाहेर गेल्यावर मिरचीने सरळ झोपेचं औषध बंद केलं आणि स्टूल ओढून तिथेच बसली. बराच वेळ काही नाही. मग मास्तरांच्या पापण्या हलल्या. हात वर आला, डोळ्यांपाशी चाचपडू लागला.

"चष्मा? आणते, बाबा, आणते!" मिरचीने उठून दारातून लेकीला हाक मारली.

लेक धावत आली. बाबांनी तिचा हात घट्ट धरला. मागोमाग सर आलेच. ते क्षणभर चपापले, पण क्षणभरच. "नव्वद टक्क्यांतून ओढून आणलं बरं का तुमच्या वडिलांना! आमच्या विभागाची कमाल!" म्हणत त्यांनी फोटोसाठी मोबाईल काढला. लेकीने हात जोडले. "सर, देवमाणूस आहात तुम्ही."

शी! मिरचीला राहवेना.

"ओढून कुठून आणणार, ताई? बाबा आले तेव्हा चांगले शुद्धीवर होते. माझ्याकडे चष्मा मागितला होता त्यांनी. झोपेचं औषध आम्हीच दिलं आणि यांनी बेशुद्ध म्हणून भरायला लावलं. ते नव्वद टक्के तिथूनच आले."

लेकीचे जोडलेले हात हळूहळू खाली आले. ती सरांकडे वळली.

"म्हणजे दुपारी मी हो म्हटलं असतं तर?"

सरांनी मोबाईल खिशात टाकला.