फिरवलंय का?

त्या घरात कॅमेरा एक आणि भाऊ दोन. वडिलांनी जाताना दुकान, जिना, वरच्या दोन खोल्या असं सगळं नीट निम्मंनिम्मं वाटून दिलं. पण कॅमेऱ्याचे काही दोन तुकडे करता येईनात, म्हणून त्यांनी उजेडाची वाटणी केली. सकाळचा उजेड थोरल्याचा, संध्याकाळचा धाकट्याचा. दिवसाला ज्याचा त्याचा एकेक फोटो, त्यावर नाही. फिल्म काही झाडाला लागत नाही. ही वाटणी दोघांनी इमानाने पाळली आणि पाळता पाळता दोघांचे केस पांढरे झाले.

खाली त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. थोरला डोळे तपासायचा, धाकटा भिंगं घासून फ्रेमीत बसवायचा. दुकानामागे बिनखिडकीची एक खोली होती, तिथे फोटो तयार व्हायचे. फिल्म धुवायची थोरल्याने, कागदावर फोटो उतरवायचे धाकट्याने, ही आणखी एक वाटणी. थोरल्याची बायको लवकर गेली, धाकट्याचं लग्न ‘बघू, बघू’ करता राहूनच गेलं, आणि थोरल्याची एकुलती एक लेक दोघांनी मिळून वाढवली. ती आता दुसऱ्या गावी आपल्या संसारात होती.

फोटो कशाचे काढायचे, तर कशाचेच नाहीत. समोरची पाववाली दुकानाची पायरी धुतेय. बसथांब्यावर माणसं उभी आहेत आणि बस आलेली नाही. सलूनवाला गिऱ्हाईक नसताना स्वतःच्याच खुर्चीत बसून आरशात बघतोय. एकदा सलूनवाल्याने विचारलंसुद्धा, “काय हो, असले कसले फोटो? यात आहे काय?”

“तू आहेस की,” धाकटा म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून सलूनवाला रोज भांग पाडून बसू लागला.

कॅमेरा होता जुना, डब्यासारखा. वरचं झाकण उघडायचं, मान खाली घालायची आणि आतल्या काचेत बघायचं. काचेत रस्ता दिसायचा, पण डावीकडचा उजवीकडे. थोरल्याला त्याची सवय झाली होती. तो माणूस डावीकडे घ्यायचा आणि उजवीकडची बाजू सावलीत मोकळी सोडायचा. ‘माणसाला बघायला जागा लागते,’ हे वडिलांचं वाक्य. धाकटाही तसंच करायला जायचा, पण काच उलटं दाखवते हे ऐन वेळी विसरायचा, आणि त्याचा माणूस दर वेळी उजवीकडे जाऊन बसायचा. इतक्या वर्षांत त्यात काडीचा फरक पडला नाही. थोरला म्हणायचा, “जित्याची खोड.” पुढचं तो म्हणायचा नाही.

आणखी एक गोष्ट होती, आणि सगळं पुढे त्यावरच अडलं. या कॅमेऱ्यात फिल्म आपणहून पुढे सरकत नाही. एक खुंटी फिरवावी लागते, मागच्या लाल काचेत पुढचा आकडा दिसेपर्यंत. न फिरवता कळ दाबली, तर आधीच्याच चित्रावर नवं चित्र बसतं. कॅमेरा बिचारा तक्रार करत नाही. थोरल्याची पद्धत अशी की फोटो काढला की लगेच फिरवायचं. जेवलं की ताट उचलावं तसं. धाकट्याचं म्हणणं, फिल्म रात्रभर ताणून ठेवू नये, फिरवायचं ते फोटोच्या आधी. यावर दोघांची जेवढी भांडणं झाली तेवढी दुकानावरून झाली नाहीत. शेवटी भांडण विझून एक सवय उरली. ज्याच्या हातात कॅमेरा जाई तो विचारायचा, “फिरवलंय का?” आणि दुसरा, भांडी घासत असो नाहीतर दाढी करत असो, आहे तिथून ओरडायचा, “फिरवलंय!” किंवा “नाही!” शेजाऱ्यांना वाटायचं, हे दोघं एकमेकांना नमस्कारच करतायत.

मग थोरला जिन्यात पडला. फार नाही, तीनच पायऱ्या. पण गुडघा कायमचा रुसला. उभा जिना तो बसत बसत चढायचा, मधल्या पायरीवर दम खायचा. लेकीला कळलं तेव्हा तिचा फोन आला, “बाबा, आता माझ्याकडे चला.” थोरला हो म्हणाला. म्हणाला ते म्हणाला, पण धाकट्याला सांगितलं नाही. कसं सांगावं याचा विचार करत बसला, आणि तो विचार केस कापून घेताना सलूनवाल्याकडे बोलून गेला. सलूनवाल्याच्या कानात पडलेली गोष्ट गल्लीत पडल्यासारखीच. संध्याकाळी धाकट्याला ती सलूनवाल्याकडूनच कळली.

धाकटा घरी आला आणि गप्प झाला. थोरल्याने ओळखलं, आणि आपली चूक आहे हे ओळखूनच तोही गप्प झाला. आधी कोणी बोलायचं? सुंभ जळेल, पण पीळ जाणार नाही, अशी ही जात. लेक पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी न्यायला येणार होती. तोवर घरात चहा वेळेवर व्हायचा, दोन कप भरायचे, पण बोलायचे फक्त कप.

त्या दिवसांत धाकट्याला घर पाण्याखाली गेल्यासारखं वाटायचं. सगळं जागच्या जागी, पण आवाज लांबून येणारे. सकाळी दुकानातल्या कपाटात मांडलेल्या चष्म्यांवर ऊन पडायचं आणि समोरच्या भिंतीवर उजेडाची शेकडो वर्तुळं हलत राहायची. संध्याकाळी तो खिळ्यावरचा कॅमेरा काढायचा, तर एखाद्या वेळी त्याचं कातडी पाकीट कोमट लागायचं, जणू कुणाच्या तरी हातातून आत्ताच सुटलंय. विचारायचा शब्द ओठावर यायचा आणि तो गिळून टाकायचा. आपल्या सवयीने आधी खुंटी फिरवायची, एक फोटो काढायचा, तसाच कॅमेरा परत लावायचा. लाल काचेतला आकडा जरा जास्तच पुढे पळतोय असं वाटायचं. काढला असेल दादाने एखादा जादा, शेवटचे दिवस आहेत, असं म्हणून तो सोडून द्यायचा. थोरलाही तिकडे नेमकं तेच म्हणत होता, हे त्याला काय माहीत!

खरं तर धाकट्याच्या मनात एकच गोष्ट होती: दादाने जाऊ नये. एवढंच. पण हे म्हणायचं तर आधी तोंड उघडायला हवं होतं.

लेक यायच्या आदल्या दिवशी दुपारी तो मागच्या खोलीत गेला, तर दोरीला फिल्म वाळत टांगलेली होती. थोरल्याने सकाळीच धुऊन ठेवली असणार. खाली चिमटासुद्धा लावलेला, वजनाला. धाकट्याने ती दिव्यासमोर धरली आणि त्याचं डोकं फिरलं. एक चित्र कोरं, एक चित्र गच्च भरलेलं, पुन्हा कोरं, पुन्हा गच्च. हा फिरवून ठेवतो, त्यावर मी पुन्हा फिरवतो, म्हणून एक कोरं. मी काढून तसंच ठेवतो, त्यावर हा काढतो, म्हणून एक दुहेरी. न विचारण्याचा हिशोब फिल्मवर स्वच्छ उतरला होता.

“घ्या! शेवटचा रोल, तोही पालथ्या घड्यावर पाणी,” तो स्वतःशीच म्हणाला. फेकणार होता. पण वाटणी ती वाटणी. थोरल्याने धुतलंय, तर आपण उतरवायला हवं. त्याने दार लावलं, लाल दिवा लावला आणि पहिलं दुहेरी चित्र कागदावर उतरवून कागद ट्रेमध्ये सोडला.

कितीही वर्षं झाली तरी इथे त्याचा श्वास थांबायचाच. पांढरा कागद औषधाच्या पाण्यात हलतो, आणि त्यातून कुणीतरी हळूहळू आपल्याकडे यायला लागतं. आज आली ती पाववाली. बादली घेऊन पायरी धुणारी, डावीकडे. हा थोरल्याचा सकाळचा फोटो. आणि उजवीकडच्या सावलीत, जिथे काहीच असायला नको होतं, तिथे बसथांब्यावरची माणसं उभी होती. ही धाकट्याची संध्याकाळ. पाववालीच्या बादलीतलं पाणी त्यांच्या पायांशी येत होतं, आणि ती माणसं बोटीची वाट बघत असावीत तशी शांत उभी होती. पुढच्यात सलूनवाला भांग पाडून खुर्चीत, आणि त्याच्या शेजारून एक सायकलवाला सरळ आरशात शिरत होता. त्याच्या पुढच्यात दोरीवरचे शर्ट वाळत होते आणि त्यांच्याखाली, अधांतरी, एक मांजर गाढ झोपलं होतं. सकाळ आणि संध्याकाळ एकाच गल्लीत एकत्र नांदत होत्या, भांडण नाही, तंटा नाही. वडिलांनी तोडून दिलेला उजेड पुन्हा एक झाला होता.

धाकट्याला कळलं, हे का जमलंय ते. थोरला उजवीकडे जागा सोडत आला, आणि आपण आयुष्यभर चुकून त्याच जागेत माणसं नेऊन बसवत आलो. सावलीवर दुसरं चित्र सुरेख बसतं. तो लाल अंधारात एकटाच हसला. दादाला दाखवायला हवं, असं वाटलं, आणि मग आठवलं की आपण बोलत नाही.

शेवटचं दुहेरी चित्र त्याला ठाऊक होतं, निदान अर्धं. थोरला मधल्या पायरीवर दम खात बसला होता, एक हात कठड्यावर, नजर दारातून बाहेर. धाकट्याने ते दुकानातून चोरून काढलं होतं. दादा गेल्यावर आपल्याकडे काहीतरी असावं म्हणून. कागद ट्रेमध्ये सोडला. आधी उजवीकडे थोरला आला, ठरल्यासारखा. आणि मग डावीकडे, त्याच्या अगदी खांद्याशी, दुसरं डोकं उगवायला लागलं. पांढरे केस, कपाळावर चढवलेला चष्मा, हातात इवलासा पेचकस. धाकटा बघतच राहिला. तो स्वतः होता. दुकानात मान खाली घालून फ्रेमीचा स्क्रू बसवत होता, आणि कुणीतरी दारामागून, सकाळच्या उजेडात, त्याला न कळता त्याचा फोटो काढला होता.

आपल्याकडे ढुंकून बघत नाही असं ज्याच्याबद्दल वाटत होतं, तो इतका नीट बघत होता. कागदावर दोघं एकाच पायरीवर बसले होते. एकाचं लक्ष स्क्रूकडे, दुसऱ्याचं रस्त्याकडे. कुणीच बोलत नव्हतं, आणि कुणाचं काही बिघडलेलं नव्हतं. धाकट्याला रडू आलं. त्याने ते येऊ दिलं; अंधारखोलीचा तेवढा एक फायदा असतो.

रविवारी लेक सकाळीच गाडी घेऊन आली. थोरल्याची बॅग तिने खाली आणली. थोरला बसत बसत उतरला, शेवटच्या पायरीवर टेकला, आणि गळ्यातला कॅमेरा काढून हातात धरून राहिला. धाकटा दुकानाच्या दारात उभा. खिशात तो फोटो, अजून नीट न वाळलेला.

“बाबा, निघायचं ना?” लेक म्हणाली.

थोरल्याने कॅमेरा धाकट्यापुढे धरला. घसा खाकरला. बरेच दिवस न वापरलेल्या दारासारखा त्याचा आवाज निघाला.

“नवीन रोल घातलाय. सकाळी वरून जिन्याचा एक काढला. रिकाम्या जिन्याचा.” मग जरा थांबून म्हणाला, “फिरवलं नाहीये.”

हयातीत फोटो काढून लगेच न फिरवलेला हा थोरल्याचा पहिलाच फोटो. म्हणजे फिल्म धुताना त्याने पाहिलं होतं सगळं. कळलं होतं त्याला. धाकट्याने कॅमेरा घेतला, आणि इतक्या दिवसांचं अडलेलं एकदम बाहेर आलं.

“जाऊ नकोस, दादा.”

“मी काय हौसेने चाललोय? गुडघा माझं ऐकत नाही रे.”

“जिनाच चढायचा नाही ना? मग नको चढूस. मागची खोली तुला. पलंग खाली आणतो, भिंत फोडून खिडकी काढतो.”

“आणि फोटो?”

“डार्करूम जाईल वर. माझे गुडघे ठणठणीत आहेत.”

“फिल्म कोण धुणार?”

“मी धुईन. तू तरी असा काय मोठा धुतोस? दर वेळी पाण्याचे डाग.”

“माझ्या फिल्मवर? डाग?” थोरला कठडा धरून ताडकन उठला. गुडघा आहे हे त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

लेक कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे बघत होती. “म्हणजे हे तुम्ही दोघं आधी बोललाच नव्हतात? म्हणून फोनवर ‘सगळं ठीक, सगळं ठीक’ चाललं होतं होय? मला आधी सांगायचं ना! काका, तुमच्यापुढे तर हात टेकले.”

धाकट्याने खिशातला फोटो काढून थोरल्याला दिला. थोरल्याने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. चष्मेवाल्याचा चष्मा वरच्या खोलीतच राहिला होता. मग लेकीला म्हणाला, “बॅग दुकानात ठेव. बघू महिनाभर. नाही जमलं तर तू आहेसच.”

“महिनाभर म्हणजे मी ओळखते किती ते,” लेक म्हणाली, पण बॅग तिने आत नेऊन ठेवली, आणि परत येताना डोळे पुसत आली. धाकट्याच्या हातातून तिने कॅमेरा घेतला. “बसा तिथेच, पायरीवर. दोघांचा एकत्र एकही फोटो नाही आपल्याकडे.”

ते खरंच होतं; एक जण नेहमी कॅमेऱ्यामागे असायचा. दोघं शेवटच्या पायरीवर बसले, अंग चोरून, कारण जिना अरुंद. लेकीने झाकण उघडलं, मान खाली घातली आणि लहानपणी शिकवलेलं तिला आठवलं. तिचं बोट खुंटीवर गेलं.

“थांबा, आधी फिरवते हं.”

“नको!” दोघं एकदम ओरडले.